तबकडी दामूअण्णांनी फोडली नाही

आमच्या रसिक मंडळाच्या स्मरणिकेत दामोदर गणेश पुराणिक यांच्याविषयी साडेतीन ओळी आहेत. त्यांतल्या अडीच ओळी असत्य आहेत. उरलेली एक त्यांच्या जन्मगावाविषयी आहे. स्मरणिका म्हणते की, मंजुळाबाई धरणगावकरांच्या अखेरच्या मेळाव्यात दामूअण्णांनी अधिकाराच्या मदाने बाईंच्या गाण्याची दुर्मीळ तबकडी फोडली, बाईंना गाऊ दिले नाही, आणि त्यामुळे बुऱ्हाणपूरचा मेळावा कायमचा बंद पडला. पुरावा म्हणून मंडळाच्या इतिवृत्तातला ठराव छापला आहे आणि खाली टीप दिली आहे : ‘ठराव स्वतः पुराणिकांच्याच हस्ताक्षरात.’

ज्यांनी हे लिहिले ते त्या दिवशी जन्मलेही नव्हते. मी मंडपात होतो. व्यासपीठाच्या पायरीशी, तबकडीपासून हाताच्या अंतरावर होतो. मंडळाचा सहकार्यवाह होतो, मराठी शाळेत अजून कायम न झालेला मास्तर होतो आणि वय सव्वीस होते. आज डोळ्यांना कमी दिसते, पण तेव्हा स्वच्छ दिसत होते. म्हणून हे लिहिणे मला भाग आहे. कोणाला खोडून काढायचे असेल त्याने खुशाल काढावे. मात्र त्यासाठी तो त्या मंडपात हजर असला पाहिजे.

आधी मेळावा म्हणजे काय, ते सांगतो. मंजुळाबाई संगीत नाटकांतल्या नायिका. नाटक कंपनी मोडली, पण बाईंचे वेड गेले नाही. ते वेड असलेली माणसे जळगाव, भुसावळ, अकोला, खंडवा, नेपानगर अशा ठिकाणांहून दर हिवाळ्यात दोन दिवस बुऱ्हाणपुरात जमत. आमचे अध्यक्ष नानाशेठ यांच्या कापसाच्या जिनच्या आवारात मंडप पडे. लोक बाईंच्या जुन्या तसबिरी मांडत, नाटकांच्या जाहिराती एकमेकांना दाखवत, बाईंची पदे म्हणून दाखवण्याच्या चढाओढी लावत. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बाई स्वतः गात. चारलाच, कारण बाहेरगावच्या मंडळींना संध्याकाळची पॅसेंजर गाठायची असे. आणि एक खास आमची रीत होती. बाईंच्या सर्वांत गाजलेल्या पदात एक तान चढत चढत वरच्या षड्जाला जाऊन टेकते. ती टेकली की अख्ख्या मंडपाने उजवा हात वर करायचा. कोणी शिकवले नव्हते. पहिल्या वर्षी एकाने केला आणि मग तो धर्मच झाला.

या सगळ्यात दामूअण्णांचे काम एकच होते : दार. बाई जिथे बसतील, जेवतील, विश्रांती घेतील, त्या खोलीच्या दाराशी ते उभे राहत. तहसील कचेरीत ते नकलनवीस होते. दिवसभर इतरांचे कागद हुबेहूब उतरवून काढायचे, एक काना इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, असे ते काम. गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट, काळी टोपी, एका हातात ज्येष्ठमधाच्या कोमट पाण्याचा थर्मास. स्मरणिकावाले त्यांना हुकूमशहा म्हणतात. हुकूमशहा असा धास्तावत नाही. मेळावा आठ दिवसांवर आला की या माणसाचे अन्न तुटे. कोटाचे वरचे बटण पुन्हा पुन्हा चाचपीत ते शंका काढीत. शनवारा वेशीच्या बाजूने टांगा आणला आणि कोणी अडवून हार घातला तर? हाराच्या फुलांनी शिंक आली तर? शेजारच्या मोमीन वस्तीतल्या मागांचा खटखटाट चार वाजता चालू राहिला तर? या शेवटच्या शंकेसाठी ते दरवर्षी घरोघर जाऊन दोन तास माग बंद ठेवण्याची विनंती करीत. विणकर माग तर बंद ठेवीतच, शिवाय अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून मंडपात येऊन बसत.

एवढे करून या माणसाने बाईंचे एकही पद धड पूर्ण ऐकलेले नाही. बाई गाऊ लागल्या की ते पडद्याच्या कडेला उभे राहून लोकांकडे पाहत. मी एकदा म्हटले, “अण्णा, निदान आज तरी आत बसा.” ते म्हणाले, “मास्तर, सगळेच ऐकायला बसले तर बघायचं कोणी?”

त्यांचे नियम सुवाच्य अक्षरात मंडपाच्या खांबाला लावलेले असत. बाई जेवत असता पाहत उभे राहू नये. बाई चालत असता अडवू नये. पाया पडायचे असल्यास लांबून पडावे. पायांना हात लावू नये, बाईंना गुदगुल्या होतात. हे शेवटचे वाक्य नानाशेठांना फार बोचे. “अरे दामू, हे काय लिहितो? लोक हसतील ना!” “हसू देत. हसलेला माणूस पाय सोडतो,” असे दामूअण्णांचे उत्तर. पण सगळ्यांत मोठा नियम खांबावर नव्हता, तो त्यांच्या तोंडी होता : “कलावंताला एकदा विचारावं. दुसऱ्यांदा विचारलं की ती वसुली झाली.” महसूल खात्यातल्या माणसाने हे म्हणावे, यात मला तेव्हाही गंमत वाटे.

या नियमांची दुसरी बाजू स्मरणिकेत नाही. दामूअण्णा बाईंनाही नियम लावीत. गाणे संपल्यावर पाव तास त्यांनी बाहेर येऊन उभे राहायचे आणि समोर येईल त्याच्या तोंडाकडे पाहायचे, हा त्यांतला एक. एका वर्षी देडतलाईचा सुपडू पाटील उशिरा पोहोचला. बैलगाडीने दीड दिवस वाट काढून आला होता. वाटेत गाडीचा आरा मोडला आणि गाणे हुकले. बाई दमून आडव्या झाल्या होत्या. दामूअण्णांनी दार वाजवले.

“बाई, देडतलाईचा माणूस आलाय. तुम्ही फक्त दारात या.”

बाई आल्या. धुळीने पांढरा झालेला सुपडू पागोटे काढून उभा.  तो म्हणाला, “बाई, तुमी जेवल्या का?”

“जेवले, दादा.”

“मंग ठीक हाये,” म्हणाला, आणि वळून गेलासुद्धा.

बाई म्हणाल्या, “दामूअण्णा, एवढ्यासाठी उठवलंत?”

“हो. आता घरी जाऊन तो सांगेल, बाई माझ्याशी बोलल्या. न उठवतो तर सांगता, बाई झोपल्या होत्या. खरं दोन्ही. पण दुसरं घेऊन दीड दिवस गाडी हाकवत नाही.”

बाईंनी पुढे कधी उठवण्याबद्दल तक्रार केली नाही. हा हुकूमशहा!

आता उपासाची गोष्ट सांगतो, कारण ती न कळता त्या शेवटच्या दिवशी दामूअण्णा तसे का वागले, हे कळणार नाही. मेळाव्याच्या तिसऱ्या वर्षी बाईंचे दुपारचे जेवण नानाशेठांकडे होते. नानाशेठांच्या पत्नी, आम्ही त्यांना माई म्हणत असू, यांनी घरी हलवाई बसवून मावा जिलबी काढवली होती. गाण्याला तीन तास उरलेले. तुपात तळलेला खवा खाऊन गळा कसा सुटणार? आणि नाही म्हणावे तर माईंचा अपमान. बाईंनी दाराकडे पाहिले आणि दामूअण्णा आयुष्यात प्रथमच खोटे बोलले.

“माई, बाईंना आज उपास आहे.”

“आज? आज तर दशमी!”

“बाईंचा वेगळा आहे. नवसाचा.”

“अगं बाई! कशाचा हो नवस?”

 “आवाजाचा,” दामूअण्णा म्हणाले.

तासाभरात ही बातमी गावभर झाली. दोन वाजेपर्यंत सात घरांतून उपासाचे डबे आले. साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, भगर, दाण्याची आमटी, पुन्हा खिचडी. प्रत्येक डब्याबरोबर एक गृहिणी आणि प्रत्येकीचे डोळे पाणावलेले. “बाई, आवाजाचा नवस ना तुमचा? आमच्या घरचा एक घास तरी घ्याच.” जिलबीचा एक तुकडा चुकवायला गेलेल्या बाईंच्या पोटात सात घरचे तेल गेले. पहिले पद त्या खोकतच गायल्या. पडद्यामागे दामूअण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. नंतर मला म्हणाले, “मास्तर, या गावात सबब सांगून सुटका नाही. सबबीलाही पान वाढतात. पुन्हा असं बोलणं नाही. नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणायचं, आणि शिव्या खायच्या.”

बायकांचा त्यांच्यावर दात असे, हे मी नाकारीत नाही. एका वर्षी बारा जणी बाईंच्या गाजलेल्या भूमिकेचा वेष करून आल्या. तशीच जांभळी नऊवारी, तसाच अंबाडा, तशीच कपाळावर चंद्रकोर. त्यांना पहिल्या रांगेत बसायचे होते. दामूअण्णांनी त्यांना सातव्या रांगेत नेले. माई भडकल्या. “का हो भाऊजी, आम्ही काय वाईट दिसतो?”

“माई, तुम्ही हुबेहूब बाईंसारख्या दिसता, तेच भय आहे. बाई आता पन्नाशीला आल्या. समोर स्वतःच्या बारा तरुण मूर्ती बसलेल्या पाहून कोण गाईल?”

‘तरुण’ हा शब्द ऐकून माई सातव्या रांगेत गेल्या, आणि हसतही होत्या. पण दामूअण्णांनी ते गंमत म्हणून म्हटले नव्हते, हे त्या दिवशी कोणाच्याही लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. अकोला आणि आम्ही काल एका प्रांतात होतो, ते एका सकाळी वेगळ्या राज्यांत गेलो. जळगाव आधीच परके होते. कचेऱ्यांतून विकल्पाचे कागद फिरले : नागपूरकडे जायचे की इथेच राहायचे? दामूअण्णांचे थोरले बंधू नागपुरात, त्यांनी बोलावले. अण्णांनी राहण्याचा विकल्प लिहून दिला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी हिंदीतून नकला करायला शिकले. मी कारण विचारले, तर म्हणाले, “दोन दिवसांचं दार आहे ना इथे.” मंडळात मात्र सगळ्यांना एकच धास्ती होती. आता मराठी कलावंत तापी ओलांडून आपल्याकडे येतील का? बाई यंदा नाराज होऊन गेल्या तर पुढच्या वर्षी कोण येणार? नानाशेठ रोज जिनमध्ये बैठक घेत आणि रोज तेच म्हणत, “या साली बाई खूश होऊन गेल्या पाहिजेत. बस्स. बाकी मला काही मालूम नाही.”

त्या दिवसांत दामूअण्णांना बाईंचे एक कार्ड आले. त्यात काय होते ते मला काही वर्षांनी स्वतः बाईंकडून कळले. पण वाचकाला अंधारात ठेवण्याचे मला कारण नाही. बाईंनी लिहिले होते की वरचा षड्ज आता लागत नाही, वैद्य झाले, डॉक्टर झाले, तो गेला तो गेला. खालच्या पट्टीतली तीन पदे म्हणेन. ते पद कोणी मागू नये, एवढे तुम्ही पाहा. कारण मात्र सांगू नका. माझ्या माणसांना ते माझ्या तोंडून कळावे, आणि केव्हा ते मी ठरवीन.

दामूअण्णांनी कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि खांबावर नवा नियम लावला : या वर्षी कोणतीही फर्माईश करू नये. केवढा गोंधळ झाला! ज्या पदासाठी लोक आगगाड्या बदलून येत, तेच मागायचे नाही? भुसावळच्या मंडळींनी तोंडावर विचारले, “तुम्ही कोण सांगणारे?” दामूअण्णा म्हणाले, “दारवाला.” अधिक काही नाही. त्या आठ दिवसांत ते इतके वाळले की कोट खांद्यावरून घसरू लागला.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नानाशेठांनी मला बाजूला घेतले. रेशमी रुमालात गुंडाळलेली बाईंची तबकडी दाखवली. त्याच पदाची, पहिल्या छपाईची. बाई बावीस वर्षांच्या असतानाची. ती ते आपल्या बायकोलाही हाताळू देत नसत. “मास्तर, असा इंतजाम केलाय की बाई खूश होऊन जातील. त्या यायच्या आधी ही लाऊडस्पीकरवर लावायची. फर्माईशही नाही झाली आणि पदही झालं! पण दामूला सांगू नका. तो यावर नवा नियम काढील.”

मी सांगितले नाही. मला ती कल्पना सुंदर वाटली.

चार वाजले. मंडप भरलेला. मी व्यासपीठाच्या पायरीशी होतो. तिथून पुढे मंडप दिसे आणि पडद्याच्या फटीतून बाईही दिसत. त्या तानपुरा जुळवीत होत्या. दामूअण्णा त्यांच्या बाजूला थर्मास धरून उभे. नानाशेठांनी ग्रामोफोन व्यासपीठावर आणवला, सुई टेकवली, आणि ते पद सुरू झाले.  मग हळूहळू सगळे बरोबर गुणगुणू लागले. तान चढू लागली. चढत चढत वरच्या षड्जाला टेकली आणि मंडपभर उजवे हात वर गेले. विणकरांचे, मालगुजारांचे, नेपानगरच्या नव्या कारकुनांचे, सातव्या रांगेतल्या बायकांचे. मीही हात वर केला.

आत बाईंची बोटे तारेवर थांबली होती. त्या किंचित हसल्या. “ही पोरगी चांगली गाते हो, दामूअण्णा,” त्या म्हणाल्या. हसू चेहऱ्यावर तसेच राहिले. “आता हिच्यानंतर मी काय गाऊ?”

बाहेर तबकडी संपली होती. हात खाली आले आणि सगळे डोळे पडद्याकडे वळले. नानाशेठांनी गहिवरून जाहीर केले, “आता हेच पद पुन्हा लावतो, आणि याच सुरात बाई स्वतः येऊन गाणं उचलतील!” आणि त्यांनी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

दामूअण्णांनी थर्मास माझ्या हाती दिला. व्यासपीठ ओलांडून ते ग्रामोफोनपाशी गेले, दांडा उचलला, आणि तबकडी काढली. आता नीट वाचा. त्यांनी ती दोन्ही तळहातांत, फक्त कडांना धरून काढली. फोडायला निघालेला माणूस तबकडी कडांनी धरीत नाही. ती त्यांनी नानाशेठांपुढे केली. “नानाशेठ, जपून धरा.”

“हात लावू नको माझ्या तबकडीला!” नानाशेठांनी ती खेचली. तबकडी दोघांच्या मधून सुटली, ग्रामोफोनच्या पेटीच्या कोपऱ्यावर आपटली आणि तिचे तीन तुकडे झाले. झाले ते एवढेच. फोडली कोणीच नाही. नानाशेठ गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करू लागले, आणि तो धिप्पाड माणूस सर्वांदेखत रडला. स्मरणिका त्यांच्याच नातवंडांनी काढली आहे; त्यांच्या या आजोबांचेही प्रेम खोटे नव्हते, हे मी कर्तव्य म्हणून नोंदवतो.

मंडप उसळला. “बाईले बाहेर आणा!” “तेच पद पाहिजे!” “हा कारकून कोण रोकणारा?” दामूअण्णांपुढे दोन मार्ग होते. बाई आजारी आहेत, असे सांगता आले असते. मग काढ्याच्या वाट्या घेऊन सगळे गाव दारात आले असते, वैद्य घसा पाहायला बसले असते, आणि झाकलेले ते तासाभरात उघडे पडले असते. किंवा खरे सांगायचे. पण ते सांगण्याचा अधिकार त्यांचा नव्हता. ते माइकपाशी गेले. कोटाचे वरचे बटण त्यांनी एकदा चाचपले.

“आज बाई गाणार नाहीत. मी त्यांना गाऊ देणार नाही. ज्याला राग आला असेल त्याने तो माझ्यावर काढावा.”

लोकांनी काढला. टोपी उडवली, कोट ओढला. मी आत धावलो तेव्हा बाई उठून उभ्या होत्या. “बाजूला व्हा. मी सांगते त्यांना.” दामूअण्णा बोडक्या डोक्याने दारात आडवे उभे राहिले. “बाई, तुम्ही ठरवाल त्या दिवशी सांगा. आज हे लोक तुमच्याकडून वदवून घेतील. ते सांगणं नव्हे.” बाई खाली बसल्या. मागच्या फाटकाने टांगा काढून दामूअण्णांनी त्यांना गावाबाहेर लालबागच्या स्टेशनवर नेले. बाई रडत गेल्या, गावाला शाप देऊन गेल्या, असे जे सांगतात त्यांना विचारा, टांग्यात कोण होते? पुढे टांगेवाल्याशेजारी मी होतो. बाई सारा रस्ता एक शब्द बोलल्या नाहीत.

आठव्या दिवशी मंडळाची सभा झाली. दामूअण्णांना कारण विचारले. ते म्हणाले, “कारण आहे. पण ते माझं नाही.”  मग प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना विचारले. तबकडी कडांनी धरली होती, हे मी पाहिले होते. नानाशेठांचा बेत मला सकाळीच ठाऊक होता आणि एक शब्द आधी बोललो असतो तर काहीच घडले नसते, हेही मला ठाऊक होते. मी बोललो नाही. नानाशेठ शाळेच्या समितीवर होते आणि माझी नोकरी कच्ची होती. ही सबब आहे. तिला यापेक्षा चांगले नाव मी देत नाही. दामूअण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिले. दुसऱ्यांदा पाहिले नाही.

ठराव झाला : पुराणिक यांस मंडळाच्या सर्व कामांतून मुक्त करण्यात येत आहे. कार्यवाहांचे अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे. इतिवृत्ताचे पुस्तक त्यांच्यापुढे तसेच पडून राहिले. तेव्हा दामूअण्णा म्हणाले, “द्या इकडे,” आणि सांगितले तसे शब्दन् शब्द, त्या सुरेख अक्षरात, स्वतःच्या हकालपट्टीचा ठराव त्यांनी उतरवला, टीपकागद दाबला, आणि सहीसाठी पुस्तक नानाशेठांकडे फिरवले. वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे कागद उतरवणारा माणूस त्या कागदांची कबुली देत नसतो. स्मरणिकेतल्या टिपेला माझे उत्तर हे.

मेळावा त्यांच्यामुळे बंद पडला, हेही खोटे. पुढे दोन वर्षे आम्ही दुसरे कलावंत आणले. पहिल्याच्या वेळी पहिल्या पदापासून “रेकॉर्डसारखं म्हणा, रेकॉर्डसारखं!” असा ओरडा झाला, आणि ते गृहस्थ मध्यंतरात निघून गेले. दुसऱ्याच्या जेवणाच्या खोलीत चाळीस माणसे शिरली. दार सांभाळायला कोणी नव्हते. मग अकोल्याची माणसे येईनाशी झाली, जळगावची पत्रे थांबली. मेळावा आमच्या प्रेमानेच मेला.

दामूअण्णा मला अखेरचे दिसले ते लालबागच्या स्टेशनावर. काही वर्षांनी बाई मुलीकडे इंदुरास निघाल्या होत्या. गाडी बुऱ्हाणपुरात पाच-सात मिनिटे थांबते. भुसावळहून कोणी तरी कळवले आणि दुपारी सारे मंडळ फलाटावर लोटले. हार आत पोचवायला मला डब्यात चढवले. खिडकीच्या गजांतून पंधरा हात आत आले होते. नानाशेठ आता थकले होते, गज धरून विनवीत होते, “बाई, एक ओळ. फक्त एक ओळ होऊन जाऊ द्या.” बाई हात जोडून हसत होत्या, तेच ते चेहऱ्यावर राहून गेलेले हसू.

तशातच त्यांनी मला हळूच विचारले, “दामूअण्णा नाही आले?” मी मान खाली घातली. तेव्हा त्यांनी कार्डाची हकीकत सांगितली. चार वाक्यांत. माझ्या हातातले हार जड झाले.

मग तोंड पुसायला म्हणून त्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे वळल्या आणि थबकल्या. पलीकडच्या रिकाम्या फलाटावर, मधल्या रुळांच्या पल्याड, दामूअण्णा उभे होते. केस पांढरे झालेले. हातात काही नव्हते. हाक मारली नाही, पुढे आले नाहीत.

बाई खिडकीशी गेल्या. “आत या ना.”

“आत गर्दी आहे, बाई. मी इथे बरा आहे.”

बाईंनी मागे पाहिले. गजांतले हात, हार, “एक ओळ, बाई.” पुन्हा त्यांच्याकडे वळून, मंडपातल्या कोणालाही कधी न सांगितलेले वाक्य त्यांनी सरळ सांगितले. “दामूअण्णा, मी आता गात नाही.”

“बरं केलंत,” दामूअण्णा म्हणाले.

हा टोमणा होता, असे सांगणारे अजून गावात आहेत. त्यांच्यापैकी कोणी डब्यात नव्हते. मी होतो, आणि बाईंचा चेहरा मला दिसत होता. त्या मोठ्याने, तोंडावर पदर न घेता हसल्या; इतक्या की गर्दीतल्या कोणी तरी विचारले, बाईंना काय झाले? दामूअण्णाही हसत होते. त्यांना हसताना मी त्यापूर्वी पाहिल्याचे मला आठवत नाही.

गाडीने शिटी दिली. दामूअण्णांनी लांबूनच नमस्कार केला आणि गाडी हलायच्या आत ते जिन्याकडे चालू लागले. नानाशेठांच्या बाजूची गर्दी अजून विनवीत होती. बाई मात्र पलीकडच्या खिडकीशीच उभ्या राहिल्या. मला उतरायचे होते, पण त्यांना ओलांडून दाराकडे जाणे मला जमेना. गाडी सुटली. जिन्याच्या पायऱ्या मागे पडल्या, पांढरे केस दिसेनासे झाले, तरी त्या तिथेच होत्या. आणि मी त्यांच्या मागे, हातांत सगळ्यांचे हार घेऊन, पुढच्या स्टेशनापर्यंत उभा राहिलो.